माहेरी गेलेल्या बायका

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीतही नीट कळत नव्हतं आणि चौथीनंतर कुणी शिकवलं नाही. अक्षर तर पावसात भिजलेल्या कोंबडीसारखं. सकाळभर भाकरी थापून बोटं ताठतात, मग पेन धरलं की ओळ वर चढत जाते. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागितली, कारण कधी कुणाच्या हाती लागलंच तर हसण्याआधी त्यानं एवढं वाचावं.

लिहायचंय ते लेकीच्या शिक्षणाबद्दल. ती आता नोकरीला लांब आहे, सणासुदीला येते. परात पुढं ओढली की अजून वाटतं, आतून तिचा आवाज येईल, "आई, ऱ्हाऊ दे ते पीठ, गाडी चुकंल." तेव्हा ती घाई मला नकोशी व्हायची. आता तीच घाई आठवत बसते.

माझं माहेर मंद्रूप. पाचवीला नाव घातलं होतं, पण भाऊ लहान होता आणि आई खुरपायला जायची, म्हणून त्याला सांभाळायला मी घरी राहिले. लग्न होऊन सोलापुरात आले. हे टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मी घरी कडक भाकरी करते, शाळूच्या, पातळ, हातात घेतली की मोडेल अशा. दुकानदाराचा माणूस येऊन घेऊन जातो. बोलायचं काम पडत नाही म्हणून हे काम मला आवडतं. अनोळखी माणसापुढं माझा आवाजच निघत नाही. रेशनच्या रांगेत मी मागच्या बाईला पुढं जाऊ द्यायची. ती काय म्हणते ते ऐकायचं आणि आपल्या पाळीला तेच म्हणायचं.

लेक माझ्यावर गेली नाही. ती नर्सिंग शिकली आणि एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात लागली. चार वर्षं केली नोकरी. मग एक दिवस जेवताना म्हणाली, मला पुढं शिकायचंय, पुण्याला. आईच्या आणि बाळाच्या आरोग्याचं, दोन वर्षांचं शिक्षण.

"म्हंजे डॉक्टर व्हणार?" यांनी विचारलं.

"न्हाय पप्पा."

"मग मोठी नर्स?"

"तसं बी न्हाय. डॉक्टर एका बाईला बघतो. मला सगळ्या वस्तीला बघायचंय. एकीचं बाळंतपण का बिघडलं, आन् तसंच दुसरीचं बिघडू ने म्हणून आधी काय करायला पायजे, ते शिकायचं."

"गल्लीची उठाठेव," हे म्हणाले. "ती तर नळावर फुकट शिकवत्यात की."

लेक हसली, पण जेवली नाही नीट. यांनी ते बघितलं. हात धुऊन आल्यावर मला म्हणाले, "किती लागत्यात इचार तिला."

तिनं नोकरीतून साठवलेले होते ते पहिल्या वर्षाला पुरणार होते. पुढच्या वर्षाचं काय, तर आमचा बचत गट. गट लहान आहे. मोठं कर्ज एका वेळी एकीलाच द्यायचं आणि तिनं फेडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, असा आमचा नेम. पाळी माझ्या शेजारणीची होती. तिला साडीला पिको आणि फॉल करायची मशीन घ्यायची होती. जुन्या पायमशीनवर ती ब्लाउज शिवायची, पण पिकोला बायका दुसरीकडं जायच्या.

गटाच्या बैठकीत मी तासभर पदराचं टोक पिळत बसले. शेवटी शेजारीणच म्हणाली, "ही आज चहा बी पिईना. हिला पैसे पायजेत."

सगळ्या हसल्या. मी मान हलवली.

"कशाला?"

"पोरीच्या शिक्षणाला," एवढं मी बोलले.

तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्सं शिकणार ना? मग पगार?"

"व्हय."

"मग आधी हिला द्या. पन आक्का, वर एक सहामाई गेली तर मी तुझ्या दारात मशीन मागायला बसंन. तुझ्या पोरीच्या पेपरावर माझी मशीन अडकली म्हण आता."

हे ती हसत म्हणाली, पण हसण्यावारी नव्हतं. तिचा नवरा घरीच असायचा, चालती मिळकत तिची एकटीची. मला ते माहीत होतं आणि घरी आल्यावर मी लेकीलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी येळेत पूर्ण करती." तिच्या तोंडून असं वचन निघालं की पुढं विचारायचं नसतं. व्याज मी भाकरीतून भरायचं आणि मुद्दल तिनं नोकरी लागल्यावर, असं ठरलं.

दुसऱ्या वर्षी तिला प्रकल्प करायचा होता. कुठल्या तरी वस्तीत जाऊन बायकांना भेटायचं, त्यावरून मोठा प्रबंध लिहायचा. तो झाला की परीक्षा, मग पदवी. पुण्यातल्या तिच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या गावात कर, खर्च वाचेल. म्हणून ती घरी आली, सोलापूरला, आणि सात-आठ महिने राहिली. तेच दिवस मला लिहायचे आहेत.

तिनं आमच्या भागातल्या सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका निवडल्या, बहुतेक पहिलटकरणी. आता एकदा भेटायचं आणि बाळंत झाल्यावर सव्वा महिन्याच्या आत दुसऱ्यांदा. बाळाला पहिल्यांदा काय पाजलं, बाळंतिणीला काय खायला दिलं, झोप लागते का, रडू येतं का, तपासायला कुणी आलं का, असं सगळं विचारायचं. मॅडमनी कागद वाचले, बरोबर म्हणाल्या. कॉलेजातल्या आणखी दोन-तीन मोठ्या माणसांनी वाचले, त्यांनीही सह्या केल्या.

पहिली फेरी झकास झाली. लेक गळ्यात पिशवी अडकवून दारोदार जायची आणि बायका तिला आत घ्यायच्या. कुणाच्या घरी शेंगाची पोळी, कुणाच्या घरी चहा. तिच्या त्या बायकांतल्या एकीचं डोहाळजेवण आमच्याच गल्लीत झालं. मी गेले होते. तिची ओटी भरली, हिरव्या साडीत ती पाटावर बसली होती, गजऱ्यानं मान अवघडलेली. तिची आई न्यायलाच आली होती. जेवण झाल्यावर रिक्षा आली, बॅग ठेवली, आम्ही सगळ्यांनी हात हलवले. लेकही होती शेजारी. तिनंही हात हलवला.

आणि आम्हा दोघींच्या डोक्यात काही आलं नाही.

दोन महिन्यांनी ती दुसऱ्या फेरीला निघाली आणि अर्ध्या तासात परत आली. पिशवी खुंटीला अडकवली आणि भिंतीला टेकून बसली.

"काय झालं?"

"माहेरी गेली."

"कोण?"

"सगळ्या."

मी परातीत हात तसाच ठेवून तिच्याकडं बघत राहिले. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, हे काय कुणी सांगायला पाहिजे? मी गेले होते, माझी आई गेली होती. वॉर्डात चार वर्षं बाळंतपणं बघितलेली पोर, तिलाही माहीत होतं. पण कागदावर लिहिताना तिनं पत्ता लिहिला सासरचा आणि बाई तिथंच राहणार असं धरलं. मॅडमनी धरलं, सह्या करणाऱ्यांनीही धरलं.

हे कारखान्यातून आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेलो. ऐकून हे आधी खो खो हसले. "अगं, तू सोता जलमायला मंद्रूपला गेली हुतीस की." मग लेकीचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, सासरीच राहिलेल्या थोड्या बायकांवर प्रबंध उभा राहणार नाही. एक तर त्यांना शोध, नाहीतर पुढच्या सत्रात नव्यानं सुरू कर. पुढचं सत्र म्हणजे आणखी फी आणि आणखी सहा महिने. फोन ठेवल्यावर ती मशीनचं काहीच बोलली नाही. पण भिंतीपलीकडं शेजारणीची पायमशीन चालू होती, आणि ती आम्हाला दोघींनाही ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवसापासून लेक एकेका सासूकडं जाऊन माहेरचे पत्ते घेऊ लागली. कुणाचं माहेर मंद्रूप, कुणाचं मोहोळकडं, कुणाचं अक्कलकोटच्या अंगाला, एकीचं वेळापूर, एकीचं अकलूज. हे म्हणाले, "एकटी पोर परक्या गावात घरं हुडकत फिरणार न्हाय. तू जा संगट."

"मी जाऊन काय बोलू?"

"बोलू नगंस. नुसती ऱ्हा."

पहिलं गाव मंद्रूप निघालं. मी पहाटेच उठून दुकानाच्या भाकऱ्या उरकल्या आणि आम्ही एसटी धरली. बाजाराचा दिवस होता, गाडीत टोपल्या, कोंबड्या, कानडी-मराठी बोलणं. वाटेत लेकीनं माझी पिशवी बघितली. आत कडक भाकरीची चवड, शेंगाची चटणी आणि शेजारणीनं उरल्या कापडातून शिवून दिलेलं झबलं.

"आई, हे काय?"

"बाळ बघायला रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

"आपण बाळ बघायला चाललो न्हाय. माहिती घ्यायला चाललोय. ज्या बाईला प्रश्न इचारायचे तिला काय द्यायचं नसतं. दिलं की ती आपल्याला बरं वाटंल असंच उत्तर देती. कॉलेजचा नेम हाय तो."

"मग बाळ बघायचंच न्हाय?"

तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "सगळं इचारून झाल्यावर दे. निघताना. आदी पिशवी उघडायची न्हाय." पुढं तिनं हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणे हसल्या आणि म्हणाल्या, तेही लिही प्रबंधात, लपवू नको.

त्या घरी बाळंतीण आतल्या खोलीत होती आणि तिची आई उंबऱ्यात. लेकीनं प्रश्न विचारला की उत्तर उंबऱ्यातून यायचं.

"झोप लागती का?"

"लागती की. न लागाया काय झालंय?"

"रडू येतं का कधी?"

"आमच्यात कोन रडत न्हाय बाई. पोरीला काय इचारताय, मला इचारा."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली. या बाईला इथून हलवायचं होतं आणि ते मला करायचं होतं. काय बोलावं सुचेना. चुलीपाशी परातीत पीठ काढून ठेवलेलं दिसलं, आधणही ठेवलेलं. मी उठले आणि परातीपुढं जाऊन बसले.

"अवो, अवो, तुमी कशाला?" म्हणत ती बाई उंबरा सोडून माझ्यामागं आली. पाहुणी भाकरी करते म्हटल्यावर ती तिथं बसूच शकत नव्हती. मी पीठ मळलं आणि थापायला घेतलं. ती आधी परात ओढायला बघत होती, मग बघत राहिली.

"लई पातळ थापताय."

"सवय हाय."

"फाटत न्हाय व्हय?"

"पीठ जास्त मळायचं."

मग तिनं स्वतःची एक थापून दाखवली, आणि तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी कशी भाकरीवरून रडवली होती ते सांगितलं, आणि माझ्या सासूचं काय ते विचारलं. आतून लेकीचा हळू आवाज येत होता. एकदा त्या पोरीचा हुंदका ऐकू आला. तिच्या आईलाही आला असावा, कारण ती बोलता बोलता थांबली, तव्यावरची भाकरी उलटली आणि उठली नाही.

त्या पोरीनं काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. लेकीनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निघताना झबलं दिलं. त्यांनी आम्हाला चार पेंड्या मेथी आणि बरणीभर तूप दिलं. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्याचा नेम काय हाय ते कॉलेजला बी माहीत नसंल."

गाडीला वेळ होता म्हणून भावाकडं डोकावलो. घर आता स्लॅबचं झालंय. जिथं लेक जन्मली ती खोली राहिली नाही, तिथं आता गाडी लावतात. मी तिला जागा दाखवली. इथं बाज होती. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, त्या धुरानं डोळे चुरचुरायचे. माझी आई माझ्या डोक्याला घट्ट फडकं बांधायची आणि खिडकीला गोणपाट लावायची, वारा लागू नये म्हणून. सव्वा महिना मला दिवस आणि रात्र एकच होती. पण पुन्हा कधी कुणी माझं तेवढं केलं नाही. सकाळी डिंकाचा लाडू, ऊन पाणी, आईचा तेलाचा हात. ती अंग रगडताना गप्प असायची. मी तिच्यावर गेलेय.

लेकीनं तिथंच, गाडीच्या चाकापाशी उभं राहून, मलाच विचारायला सुरुवात केली.

"मला पहिल्यांदा काय पाजलं?"

"गुळाचं पाणी. कापसाच्या बोळ्यानं."

"आन् तुझा चीक?"

"काढून टाकला. जड असतो म्हणायच्या."

"म्हशीच्या चिकाचा खरवस करून गल्लीत वाटायचा, आन् मला आलेला चीक मातीत."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. भावजय बाहेर येऊन बघायला लागली, या दोघींना काय झालं म्हणून. अशी मी लेकीबरोबर त्या आधी कधी हसले होते ते आठवत नाही.

पुढचे दोन महिने असेच गेले. गावं बदलायची, चुली बदलायच्या. कुठं गॅस, कुठं तीन दगड. अक्कलकोटच्या बाजूला एका घरी आजी कानडीच बोलायची, मला तिचं एक अक्षर कळलं नाही. तरी आम्ही दोघींनी मिळून टोपलीभर भाकऱ्या केल्या. सोलापूरला परत आलो की शेजारीण दारात उभी असायची. "किती बायका घावल्या?" लेकीआधी तिलाच आकडा पाहिजे असायचा. "झबली फुकट शिवायलीय मी, मशीन मातुर दिसंना," असं म्हणायची आणि पुढच्या झबल्याला माप विचारायची.

शेवटाला वेळापूर आणि अकलूज राहिलं. लांबची गावं, म्हणून एकाच दिवशी करायचं ठरवलं. पंढरपूरला गाडी बदलली, वेळापूरला उतरलो. पत्ता तिथल्या बाळंतिणीच्या सासूनं फार आधी दिलेला. मध्ये फोन लागला नव्हता. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात दोरीवर लहान कपडा एकही नव्हता. माझ्या ते आधी लक्षात आलं. मी पिशवी पाठीमागं धरली.

पोर बाजेवर बसली होती, कान बांधलेले, डोळे कोरडे. बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं. मुलगी होती. ताप आला, दूध ओढेना. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं उतरेल. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला.

लेकीनं पिशवीतून कागद काढलेच नाहीत. ती त्या पोरीजवळ बसली, तिचा हात हातात घेऊन. वॉर्डात तिनं असं बघितलं असणार, पण मी तिला असं बसलेलं पहिल्यांदा बघितलं. मीही भिंतीपाशी बसून राहिले. तिथं भाकरी थापायला उठावं असं वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं लेक उठायला लागली तेव्हा त्या पोरीची आई म्हणाली, "तुमी लिवायला आलता न्हवं?"

"आता न्हाय लिहत मावशी."

"का? बाकीच्यांच्या बाळाचं लिवलं ना? मग आमच्या बाळाचं बी लिवा. न्हाईतर ती आलीच न्हवती असं व्हईल." आणि लेकीकडं वळून म्हणाली, "सांग गं, काय इचारत्यात ते सांग." यावेळी ती स्वतःच उठून बाहेर गेली आणि मला हाताला धरून घेऊन गेली.

आम्ही दोघी अंगणात शेवग्याखाली बसलो. ती म्हणाली, हिच्या सासरकडं दारोदार बाळंतिणी तपासायला येनारी आशाताई हाय, तिला वाटलं ही हितं हाय तर हितली बघंल. हितल्या आशाताईच्या कागदात हिचं नावच न्हाय. कोण येनार?

स्टँडवर लेक बाकावर बसली आणि म्हणाली, "आई, घरी जाऊ. अकलूज नको. मला आज हसरं बाळ बघवायचं न्हाय."

सोलापूरची गाडी लागायला वेळ होता, अकलूजची समोर उभी होती. मी तिची पिशवी उचलली आणि त्या गाडीत जाऊन बसले. ती खाली उभी राहून बघत राहिली. मग चढली. कंडक्टर आला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. तिकीट नेहमी तीच काढायची.

"दोन अकलूज," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला मावशी."

"दोन अकलूज," मी मोठ्यानं म्हणाले. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून बघितलं. लेकीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गाव येईपर्यंत उचललं नाही.

अकलूजचं घर भरलेलं होतं. अंगणात म्हशी, ओसरीवर माणसं, बाळ एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर. बाळंतीण स्वतःच बडबडी. तिनं आपल्या आईला हाकललं, "तू जा, मला ह्यांच्यासंगं बोलायचंय." मला काही करावं लागलं नाही. लेकीनं सगळे प्रश्न विचारले, एकही गाळला नाही. बाळ तिच्या मांडीवर मुतलं तेव्हा ती हसली. निघताना मी पिशवी उघडली. आत दोन झबली होती. एक दिलं.

मग ती घरी लिहायला बसली. मी एका कोपऱ्यात तवा, ती दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप. सगळं इंग्रजीत. मला कळत नाही म्हणून ती दर पानाला थांबून मराठीत सांगायची. मी भाकरी उलटत हूं हूं करायची. एका भागात तिनं स्वतःची चूकच लिहिली होती. बाई सासरच्या यादीत असते, माहेरच्या यादीत नसते, आणि नेमक्या नाजूक दिवसांत दोन्हींच्या मधे पडते. आमच्याही यादीतून ती अशीच पडली. तिथं वेळापूरच्या त्या बाळाचं होतं. नाव नव्हतं, चार ओळी होत्या. त्या तिनं मला दोनदा वाचून दाखवल्या.

"बरोबर हाय का?"

मी म्हटलं, "मुलगी हुती ते लिहिलंस का?"

तिनं घातलं.

प्रबंध वेळेत गेला. पुण्याला परीक्षा झाली, तोंडी. बाहेरून आलेल्या परीक्षकानं बाकी सगळं सोडून माहेरचंच विचारलं म्हणे. पास झाली. पेढे घेऊन हे सगळ्यात आधी शेजारणीकडं गेले. ती पेढा तोंडात टाकत म्हणाली, "ह्येला पिको करता येत न्हाय भावजी."

मशीन अजून लांबच होती, कारण नोकरी लगेच लागली नाही. कुठं अनुभव कमी म्हणायचे, कुठं जागा नाही. त्या महिन्यांत शेजारीण मला टोमणे मारायची थांबली, आणि तेच मला जास्त लागलं. मी दुकानदाराकडून जास्तीच्या भाकऱ्या मागून घेतल्या, मागितल्या म्हणजे स्वतःच्या तोंडानं मागितल्या, आणि व्याजाबरोबर थोडं मुद्दलही भरू लागले. मग लेकीला एका संस्थेत काम मिळालं, गावोगावच्या माता आणि बाळांसाठी. पहिला पगार तिनं घरी आणला नाही, सरळ गटात भरला. दुसराही तसाच. साडी घे म्हटलं तर म्हणायची, आधी मशीन.

शेवटचा हप्ता मी भरायला गेले त्या बैठकीला लेक सुट्टी काढून आली होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "काय बोलायचंय का?" मी नाही म्हणून मान हलवणार होते. पण शेजारीण समोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कधी नव्हे ती गप्प.

"हिनं पाळी दिली म्हणून झालं," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल की," कुणीतरी म्हणालं.

"ऐकलंय मी," शेजारीण म्हणाली. "आता पैसे हिकडं करा, दुकान बंद व्हायच्या आत."

अध्यक्षबाईंनी माझ्या नावापुढं 'कर्ज पूर्ण फेडले' असं लिहिलं, खाली माझी सही घेतली, आणि हप्त्याचे पैसे पेटीत न ठेवता, आधी जमलेल्यांसकट, तसेच पलीकडं शेजारणीच्या हातात दिले.